खर्जरावांचे खालचे सूर

बेस क्लॅरिनेट हे वाद्य ज्यांनी पाहिलं नसेल त्यांची काही चूक नाही. बँडमध्ये ते असतं, पण मागच्या रांगेत, ट्युबा हे अवाढव्य पितळी वाद्य धरणाऱ्याच्या पोटाआड असतं, आणि वाजत असलं तरी ऐकू येईलच असं नाही. काळं लाकूड, त्यावर चकचकीत कळांची आणि झाकण्यांची ही गर्दी, वरच्या टोकाला वाकवलेली धातूची मान आणि खालच्या टोकाला वर तोंड करून बसलेला कर्णा. ते उभं करून, खुर्चीच्या कडेवर टेकून, दोन्ही पायांच्या मध्ये घेऊन वाजवतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, हा माणूस बेसिनखालचा पाइप सोडवून घेऊन बसलाय. आमच्या गोष्टीतल्या गृहस्थांच्या सासूबाईंचा तर लग्नानंतर पुष्कळ दिवस तोच समज होता, आणि जावई हाताचा चांगला आहे म्हणून त्या खूशही होत्या.

हे गृहस्थ विमा कंपनीत नुकसानभरपाईचे दावे तपासायचे. कुणाची टाकी फुटली, कुणाच्या दुकानाचं शटर वाकलं, की हे जाऊन उकिडवे बसणार, चष्मा कपाळावर चढवणार आणि ते मुळात कशानं झालं ते शोधून काढणार. कारण सापडल्याशिवाय फाइल मिटवायची नाही हा त्यांचा बाणा होता. बहुतेक फाइलींवर शेवटी 'वापरणाऱ्याचा निष्काळजीपणा' असा शेरा पडायचा, त्यामुळे कंपनीत त्यांना मान होता आणि कंपनीबाहेर फारसे मित्र नव्हते. मंगळवारी संध्याकाळी मात्र ते हौशी लोकांच्या बँडमध्ये जायचे. तिथे सगळ्यांत खालचे, खर्जातले सूर यांच्याकडे असायचे म्हणून बँडमधल्या मंडळींनी त्यांचं नाव खर्जराव ठेवलं होतं. आपणही तेच म्हणू. त्यांना ते मनातून आवडायचं.

आता त्यांचं खरं दुखणं. बँडचा वर्षातून एकदा मोठ्या सभागृहात कार्यक्रम व्हायचा. खर्जरावांची बायको दर वर्षी पहिल्या रांगेत बसायची, शेवटपर्यंत बसायची आणि घरी येताना "छान झालं हो," म्हणायची. एवढ्यावर समाधान मानणारा नवरा सुखी होतो. पण एका वर्षी खर्जरावांना अवदसा आठवली आणि त्यांनी विचारलं, "माझं कसं झालं?"

बायको खोटं बोलणारी नाही. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "त्यातलं तुमचं कुठलं?"

"म्हणजे?"

"म्हणजे सगळे एकदमच वाजवता ना तुम्ही. ते पिपाणीवाले कळतात. ढोलवाला कळतो. तुमचे गाल फुगलेले दिसतात. घरचं निराळं, पण सभागृहात आवाज कुठला तुमचा ते नाही बाई कळत मला. इतक्या वर्षांत नाही कळलं."

इतकी वर्षं आपण फुंकतोय आणि ज्या एका बाईनं ते ऐकावं असं वाटतं तिला आपला आवाजच ठाऊक नाही, हे खर्जरावांच्या जिव्हारी लागलं. त्यानंतर त्यांनी पुन्हा विचारलं नाही, पण दर कार्यक्रमाला ट्युबावाल्याच्या पाठीकडे ते ज्या नजरेनं पाहायचे ती काही चांगली नव्हती.

म्हणून या वर्षी बँडमास्तरांनी नवीन चीज काढली तेव्हा खर्जरावांचे डोळे लकाकले. बँडमास्तर म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. सूर जरा इकडेतिकडे चालेल, पण वेळेवर पोचला पाहिजे, असं त्यांचं संगीत. या चिजेच्या अखेरीस सगळा बँड थांबायचा. ढोल नाही, ट्युबा नाही, काही नाही. आणि त्या शांततेत एकट्या बेस क्लॅरिनेटनं आठ सूर वाजवायचे. एकेक पायरी उतरल्यासारखे खाली खाली जाणारे, आणि शेवटचा सूर वाद्यातला सगळ्यांत खालचा. तो मास्तर हात खाली घेईपर्यंत धरून ठेवायचा.

खर्जरावांनी ही बातमी ऑफिसात सांगितली, लिफ्टमध्ये सांगितली, दूधवाल्याला सांगितली. घरी मात्र मुद्दाम जास्त बोलले नाहीत. "या वर्षी शेवटपर्यंत नीट ऐक," इतकंच म्हणाले.

पहिल्याच तालमीला घोटाळा झाला. बँड थांबला, खर्जरावांनी छाती भरून घेतली. पाच सूर लोण्यासारखे उतरले. सहाव्याला वाद्य घुटमळलं. सातव्याला त्यानं अशी किंकाळी फोडली की ढोलवाल्याच्या हातातली काठी पडली. आठवा सूर आलाच नाही, नुसती हवा आली. पुढच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

"पुन्हा," मास्तर म्हणाले.

पुन्हा तेच. किंकाळी, मग हवा.

शेजारच्या खुर्चीवर बासूनवाला बसायचा. बासून हेही तसंच लांबलचक, खालच्या आवाजाचं वाद्य, आणि बासूनवाला फार सहृदय माणूस. तो हळूच पुढे वाकून म्हणाला, "मास्तर, यांची अडचण होत असेल तर हे सूर माझ्याकडेही आहेत हं. मला काही त्रास नाही." सहृदय माणसांचा एरवीही खर्जरावांना राग यायचा. त्या दिवशी तो फारच आला.

मास्तरांनी निकाल दिला. कार्यक्रमाआधीच्या शेवटच्या तालमीपर्यंत मुदत. तोवर खालचे सूर आले तर ठीक, नाहीतर ते आठही बासूनला.

खर्जराव वाद्य घेऊन घरी आले ते एखादा गुंतागुंतीचा दावा हाती आल्याच्या आवेशात. कारण शोधायचं! त्यांनी आधी पत्ती बदलली. ही वेताची पातळ पत्ती तोंडात धरायच्या भागाला बांधतात आणि त्याआधी थुंकीनं ओली करावी लागते. खर्जरावांनी घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या पत्त्या ओल्या केल्या. सकाळचा चहा झाला की एक पत्ती तोंडात, दाढी करताना दुसरी, ऑफिसात जाताना तिसरी. साहेबांनी काही विचारलं तर पत्ती एका गालातून दुसऱ्या गालात सरकवून उत्तर. सूर काही आले नाहीत. साहेबांनी मात्र "दातांचं बघून घ्या हो," असं आपुलकीनं सांगितलं.

मग वरच्या मजल्यावरचे इंजिनिअर खाली आले. हे पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले होते आणि जगात जे काही बिघडतं ते गळतीनं, अशी त्यांची श्रद्धा होती. मुलाचा संसार मोडला तेव्हाही ते "कुठंतरी झिरपत असणार," म्हणाले होते. त्यांनी वाद्याला तीन प्रदक्षिणा घातल्या, एक-दोन कळा दाबून पाहिल्या आणि जाहीर केलं, "गळती आहे."

"हे पाण्याचं नाही हो, हवेचं आहे."

"हवा काय, पाणी काय, नळीतून जातं ना? मग झालं तर. हे बघा, या भोकांवर झाकण्या आहेत. झाकणीखाली गादी आहे. खालचा सूर म्हणजे सगळ्या झाकण्या घट्ट मिटल्या पाहिजेत. बरोबर? त्यातली एक जरी किलकिली राहिली तरी तुमचा सूर गेला." आणि इथे त्यांनी आवाज खाली आणला. "सिगारेटचा कागद आणा. नुसता कागद. झाकणीखाली ठेवायचा, झाकणी मिटायची, कागद ओढायचा. जिथं सैल सुटेल तिथं गळती."

खर्जरावांनी जन्मात सिगारेट ओढली नव्हती. त्यामुळे पानतंबाखूच्या दुकानासमोर जाऊन ते जरा बावरून उभे राहिले, इकडेतिकडे पाहिलं, आणि नुसता कागद मिळतो का असं इतक्या हळू आवाजात विचारलं की दुकानदारानंही तितक्याच हळू आवाजात, "आत काय भरणार?" असं विचारलं. नेमके तेव्हाच सोसायटीचे सेक्रेटरी मागे येऊन उभे होते. त्यांनी नुसती मान हलवली. त्या मान हलवण्यात फार काही होतं.

खर्जराव घरी पोचण्याआधी बातमी पोचली होती.

"अहो, या वयात?" बायकोनं दारातच विचारलं.

"अगं, वाद्याला हवाय."

"वाद्य ओढतं?"

पुढचा अर्धा तास खर्जराव तिला गादी, झाकणी आणि गळती समजावून सांगत होते. तिला ते पटलं असावं, कारण ती शेवटी म्हणाली, "बरं, पण फरशीवर काही सांडू नका." नवीन फरशी घालून फार दिवस झाले नव्हते. पांढरीशुभ्र, गुळगुळीत, जिच्यात माणसाला आपलंच तोंड दिसावं अशी फरशी होती ती, आणि बायकोचा तिच्यावर अतोनात जीव होता. खुर्च्यांच्या पायांना तिनं कापडी टोप्या शिवल्या होत्या. पाहुण्यांचे बूट तर राहोच, त्यांच्या चालण्याकडेही तिचं लक्ष असायचं.

कागद प्रत्येक झाकणीखाली घट्ट बसला. गळती कुठेच सापडली नाही. इंजिनिअर हार जाणारे नव्हते. त्यांनी दुसरा उपाय काढला, तो उजेडाचा. खोलीत काळोख करायचा, वाद्याच्या पोटात दिवा सोडायचा, झाकण्या मिटायच्या. जिथून उजेड दिसेल तिथून हवा जाते. रविवारी भरदुपारी दोघांनी खिडक्यांना चादरी लावल्या. इंजिनिअरनी लांब वायरला बांधलेला छोटा बल्ब वरून आत सोडला आणि "आता सगळं दाबा," असं म्हटलं. खर्जरावांनी दहाही बोटांनी सगळं दाबलं. दोघं श्वास रोखून वाद्याला नाक लावून बसले होते, तेवढ्यात बेल वाजली.

बायकोनं दार उघडलं. सेक्रेटरी आले होते. तळमजल्यावरून तक्रार होती: वरून रोज संध्याकाळी किंचाळल्याचा आवाज येतो आणि तो ऐकून तिथला कुत्रा जेवत नाही. त्यांनी बायकोच्या खांद्यावरून आत पाहिलं. भरदुपारी काळोख, खिडक्यांना चादरी, दोन वयस्क गृहस्थ जमिनीवर ओणवे, मधे एक लांब नळी आणि तिच्या तोंडातून येणारा मंद उजेड. टेबलावर सिगारेटच्या कागदाचं पाकीट.

"मी नंतर येतो," ते म्हणाले.

नंतर ते आले नाहीत, पण वाद्य वाजवण्यासाठी वेळ ठरवून देणारी सूचना जिन्यात लागली. तिच्यात 'व तत्सम प्रकार' असे शब्द होते. त्या तत्सम प्रकाराचा खर्जरावांना फार मनस्ताप झाला. ऑफिसात आपण शेरे मारतो तेव्हा लोकांना कसं वाटत असेल, असा एक विचार त्यांच्या मनाला शिवून गेला, पण थांबला नाही.

उजेडही कुठून आला नव्हता. तेव्हा शेवटचा मार्ग म्हणून ते वाद्य शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेले. हा मोठा रुबाबदार माणूस. दुकानात भिंतभर स्वतःचेच फोटो, प्रत्येकात तो कुणाचं ना कुणाचं वाद्य हातात घेऊन हसतोय. त्यानं पेटी उघडली, वाद्य जोडलं, दुकानातल्या उंच स्टँडवर टेकवलं, उभ्यानंच फुंकलं. आणि खालचा सूर आला! असा आला की काचेच्या कपाटातल्या बासऱ्या थरथरल्या. दुरुस्तीवाल्याला आपल्याच वाजवण्याचा मोह आवरेना. तो खाली गेला, वर आला, पुन्हा खाली गेला, रस्त्यावरचे दोघं-तिघं दारात येऊन उभे राहिले, त्यांच्याकडे पाहून त्यानं मान झुकवली. खर्जराव स्वतःचं वाद्य परक्या माणसाच्या हातात खुशाल गाताना बघत उभे होते. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

"वाद्य ठणठणीत आहे," दुरुस्तीवाला वाद्य परत देत म्हणाला. "वाजवणारा तपासून घ्या."

हे त्यानं थट्टेनं म्हटलं होतं. पण खर्जराव शिस्तीचे. ते खरंच डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी त्यांना एका यंत्रात फुंकायला लावलं, यंत्राचा काटा पलीकडच्या टोकाला जाऊन आपटला, आणि डॉक्टरांनी नर्सला बोलावून तो दाखवला. "तुमची फुप्फुसं घोड्याची आहेत," ते कौतुकानं म्हणाले. "काय होतंय तुम्हाला?"

"खालचे सूर येत नाहीत."

डॉक्टरांनी यावर बराच वेळ काही लिहिलं नाही. मग विश्रांती घ्यायला सांगितली.

म्हणजे वाद्य चांगलं, माणूस चांगला, आणि दोघं एकत्र आले की किंकाळी. एवढा चमत्कारिक दावा खर्जरावांच्या उभ्या नोकरीत आला नव्हता. त्यात आणखी एक विचित्र गोष्ट घडली. इंजिनिअरनी एके संध्याकाळी (ठरवून दिलेल्या वेळेतच) वाद्याच्या सांध्यांवर नळाची पांढरी टेप गुंडाळली आणि "आता वाजवा," म्हणून स्वतः खालून कर्णा दोन्ही हातांनी धरून बसले. खर्जरावांनी फुंकलं आणि आठही सूर झरझर उतरले. शेवटचा तर इतका खोल गेला की इंजिनिअरचे हात झिणझिणले. दोघांनी उठून एकमेकांना मिठी मारली. बायकोनं आतून येऊन चहा ठेवला. इंजिनिअर टेपचं महत्त्व सांगत आनंदानं वर गेले. ते वर गेल्यावर खर्जरावांनी पुन्हा वाजवून पाहिलं. किंकाळी.

धावत जाऊन त्यांनी इंजिनिअरना परत आणलं. त्यांनी कर्णा धरला, सूर आला. सोडला, किंकाळी. धरला, सूर.

"मी आहे म्हणून येतोय," इंजिनिअर भारावून म्हणाले. "कार्यक्रमाला मी येतो. मी खाली बसून धरतो. काळा कोट घालतो, कुणाला दिसणार नाही."

खर्जरावांनी क्षणभर ते चित्र डोळ्यांसमोर आणलं. आयुष्यात पहिल्यांदा आपण एकटे वाजवणार आणि पायाशी पाणीपुरवठा खातं. त्यांना रडू यायचं बाकी राहिलं.

शेवटची तालीम दुसऱ्या दिवसावर आली. खर्जराव सकाळी वाद्य घेऊन बसले, पण त्यांच्यात काही राम उरला नव्हता. आपले सूर बासूनवाला वाजवणार, सहृदयपणे वाजवणार, आणि बायको पहिल्या रांगेत बसून तो आवाज आपला समजणार. 'या वर्षी कळला हो तुमचा,' असं घरी येताना म्हणणार. हे मनात आल्याबरोबर त्यांनी रागानं सगळ्यांत खालचा सूर फुंकला. वाद्य किंचाळलं.

बायको तेव्हा त्यांच्या खुर्चीभोवतीची फरशी पुसत होती. चहाचा एक थेंब पडला होता, तो तिला घराच्या दुसऱ्या टोकाहून दिसला होता. ती गुडघ्यांवर बसली होती, त्यामुळे तिचं डोकं वाद्याच्या खालच्या कळांच्या बरोबरीला आलं होतं.

"अहो, परत करा तसं."

"कशाला? ऐकलं ना एकदा."

"करा हो."

त्यांनी केलं. बायको वाद्याकडे पाहत नव्हती. ती त्यांच्या पायाकडे पाहत होती.

"ही इथली मोठी झाकणी मिटतच नाही," ती म्हणाली. "खाली येते आणि तुमच्या गुडघ्यावर अडकते. तुम्ही वरचं वाजवता तेव्हा पाय सैल असतात. खाली यायला लागलात की हे असे आवळता. बघा, पँटवर ठसा उठलाय."

खर्जराव वाकले. चष्मा कपाळावर चढवला. झाकणी होती, गुडघा होता, आणि झाकणीच्या आकाराचा गोल ठसा पँटवर स्पष्ट दिसत होता. कर्णा हातात घेऊन इंजिनिअर बसले की वाद्याचा भार त्यांच्यावर. दुरुस्तीवाल्याचा भार स्टँडवर. आणि एकटे बसलेल्या खर्जरावांचा सगळा भार गुडघ्यांवर. जसजसा अवघड सूर जवळ यायचा तसतसे गुडघे घट्ट व्हायचे. त्यांना लख्ख दिसलं. ही फाइल दुसऱ्या कुणाची असती तर शेरा काय पडला असता तेही दिसलं.

"पण तुम्ही ते पायांत आवळून का धरता?" बायकोनं विचारलं. "आधी तर खाली एक दांडी असायची ना? टोकदार? जमिनीत रुतून उभं राहायचं ते आपलं आपलं."

"टेकू."

"हां, टेकू. तो कुठे गेला?"

दोघांनीही फरशीकडे पाहिलं. पांढरीशुभ्र फरशी चकाकत होती. ती बसवली त्याच दिवशी बायकोनं त्या टेकूचं टोक बोटानं तपासलं होतं, "हे या घरात लागणार नाही," असं म्हटलं होतं आणि टेकू ड्रॉवरमध्ये गेला होता. खर्जरावांना तेव्हा वाद घालायचा नव्हता. तो ड्रॉवरमध्ये गेला तो पुन्हा पेटीत आलाच नाही आणि तालमीलाही गेला नाही.

संसार जुना असला की अशा वेळी काय बोलू नये हे दोघांना कळतं. खर्जरावांनी 'तूच' म्हटलं नाही. बायकोनं 'तुम्हाला साधं सांगता आलं नाही?' म्हटलं नाही. ती उठली, ड्रॉवरमधून टेकू काढून आणला आणि दारातलं पायपुसणं त्यांच्या खुर्चीसमोर आणून पसरलं.

आठही सूर आले.

शेवटच्या तालमीतही आले. मास्तर "वेळेवर आला," एवढंच म्हणाले, पण त्यांच्या तोंडून ते पुष्कळ होतं. बासूनवाल्यानं मनापासून हात मिळवला आणि खर्जरावांना पहिल्यांदा तो बरा माणूस वाटला. इंजिनिअरना मात्र त्यांनी खरं सांगितलं नाही. टेप छान लागू पडली, असं सांगितलं.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण सभागृहाला व्यवस्थापक असतो.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मंडळी रंगमंचावर जाऊन बसत होती. खर्जरावांनी वाद्य जोडलं, टेकू लावला आणि तो टेकवणार इतक्यात पडद्याआडून "थांबा, थांबा!" असा आवाज आला. व्यवस्थापक होते. काळा सूट, हातात किल्ल्यांचा जुडगा, चेहऱ्यावर काळजी. रंगमंचाची लाकडी जमीन नुकतीच नवी केली होती. टोकदार धातू तिला लावायचा नाही असा नियम झाला होता.

"अहो, एवढंसं टोक," खर्जराव म्हणाले.

"टोक एवढंसंच असतं. खड्डा मोठा पडतो."

"पायपुसणं ठेवतो खाली."

"पायपुसण्यात वाळू असते. ओरखडे उठतात. व्यवस्थापन समितीची लेखी परवानगी असेल तर माझी काही हरकत नाही."

"समिती कुठे आहे?"

"महिनाअखेर बसते. अर्ज देऊन ठेवा."

प्रेक्षागृह भरलं होतं. मास्तर घड्याळ पाहायला लागले होते. त्यांनी खर्जरावांकडे पाहिलं, मग बासूनवाल्याकडे पाहिलं. बासूनवाला म्हणाला, "नाही हो, ते सूर त्यांचे आहेत," पण त्यानंही नकळत पत्ती ओठांत धरली. गुडघ्यांत धरून वाजवायचं तर सातव्या सुराला काय होणार ते खर्जरावांना माहीत होतं, आणि या वेळी तळमजल्यावरचा नुसता कुत्रा ऐकायला नव्हता.

पहिल्या रांगेतून बायको हे बघत होती. ती उठली आणि बाजूच्या पायऱ्यांनी सरळ वर आली. खर्जरावांना वाटलं, आता ही भांडणार. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"तुमचं अगदी बरोबर आहे," बायको व्यवस्थापकांना म्हणाली.

व्यवस्थापकांना असं कुणी आजवर म्हटलं नव्हतं.

"काय सुंदर जमीन आहे हो. पॉलिश तुमच्याच लोकांनी केलं की बाहेरून करून घेतलं?"

"तीन हात दिलेत," व्यवस्थापक हळवे होऊन म्हणाले. "पहिल्याच आठवड्यात कुणीतरी खुर्ची ओढली. तो बघा तिथे चरा."

बायको वाकून तो चरा पाहून आली. तिला तो आतून लागला हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "लोकांना काही वाटत नाही," ती म्हणाली. "आमच्याकडेही तेच." मग तिनं रंगमंचाच्या मधोमध, सगळ्या सभागृहासमोर, डाव्या पायातली सँडल काढली आणि व्यवस्थापकांच्या हातात दिली. "हा तळवा बघा. मऊ चामडं आहे. घरातसुद्धा घालते मी ही, एक रेघ उठलेली नाही. यात टोक उभं राहील."

व्यवस्थापकांनी किल्ल्या खिशात टाकल्या, सँडल उलटी केली, तळव्यावरून अंगठा फिरवला. मग गुडघ्यावर बसले आणि स्वतःच्या हातानं ती खर्जरावांच्या खुर्चीसमोर नीट सरळ ठेवली. टेकूचं टोक सँडलमध्ये रुतलं. बायको एका पायात सँडल आणि दुसरा पाय अनवाणी अशी, ताठ मानेनं, खाली जाऊन आपल्या जागेवर बसली.

कार्यक्रम चांगला झाला की वाईट हे खर्जरावांना पुढे कधीच सांगता आलं नाही. त्यांना फक्त शेवट आठवत होता. सगळा बँड थांबला. ट्युबावाल्यानं वाद्य मांडीवर घेतलं. इतकी शांतता झाली की कुणाचं तरी खोकणं आवरल्याचं कळलं. आणि खर्जराव उतरायला लागले. पाचवा सूर गेला, सहावा गेला, सातवा आला, मोठा गोल आला, आणि आठवा कानांना लागण्याआधी खुर्च्यांच्या हातांना लागला. खर्जरावांचे गुडघे सैल होते. छातीत घोड्याचा दम होता. मास्तरांचा हात खाली यायला तयार नव्हता, आणि वेळेच्या बाबतीत मास्तर पहिल्यांदाच चुकले.

टाळ्या वाजल्या. खर्जरावांनी टाळ्यांकडे लक्ष दिलं नाही. ते पहिल्या रांगेत बघत होते. बायको टाळ्या वाजवत नव्हती. ती तोंड किंचित उघडं ठेवून, काहीतरी ओळखीचं दिसल्यासारखी बघत होती.

बाहेर आल्यावर ते दोघं पायऱ्यांवर थांबले. ती पायरीवर बसून सँडल पायात घालत होती. तळव्याला आरपार भोक पडलं होतं, पण तिनं त्याचं नाव काढलं नाही.

"शेवटी एकट्यानं वाजवलंत तो आवाज तुमचा? घरात नाही असा घुमत." तिनं विचारलं.

"हो."

"पण तो तर मी दर वर्षी ऐकते."

"दर वर्षी?" खर्जरावांनी विचारलं.

"म्हणजे काय! पहिल्यापासून. सगळ्यांच्या खालून येत असतो ना तो? मला वाटायचं, सभागृहाच्या पंख्याचा आहे."

इतकी वर्षं! पंखा! खर्जरावांनी वाद्याची पेटी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. विचारू नये असं मन सांगत होतं, तरी त्यांनी विचारलंच.

"आणि कसा वाटायचा? पंखा?"

"बरं वाटायचं," बायको बक्कल लावत म्हणाली. "तो चालू असला की मी निवांत असायची. मधेच थांबला की उगीच चुकल्यासारखं व्हायचं, मग मी वर बघायची." तिनं उठायला हात पुढे केला. "चला. जपून हो, इथली पायरी ओली आहे."